मदत हवी आहे : परसातल्या बांधाला चिरा की काळा दगड?

मंडळी, देवरुखजवळ आमचं घर आहे. मागच्या उतारावर साधारण 22 फूट लांब आणि 3 फूट उंच बांध घालायचाय. जुना गडगा नुसत्या दगडांवर दगड रचलेला होता. गेल्या आषाढात त्याचं पोट सुटलं आणि एका रात्रीत अबोलीच्या वाफ्यासकट खाली आला. सकाळी बघितलं तर मागची माती शेणकाल्यासारखी झालेली.

गवंडी म्हणतात, जांभ्याचे चिरे (तांबड्या दगडाचे कापीव ठोकळे) सिमेंटात लावू आणि बाहेरून गिलावा करू. मला गिलाव्याचीच धास्ती आहे. गडग्याच्या फटींतून पाणी निघून जायचं, इथे ते मागे तुंबणार आणि भिंतीला ढकलणार. म्हणून मी पाया दीड फूट खोल, भिंतीमागे फूटभर खडी आणि तळाशी दर चार-पाच फुटांवर पीव्हीसी पाइपचे तुकडे सुचवले. गवंडीभाऊ नुसते हसले!

बाकीचे पर्याय म्हणजे काळा दगड (गाडीभाडंच अंगावर येतं) किंवा सिमेंटचे ब्लॉक, पण ते मला बघवत नाहीत.

चिरा सतत ओल्या मातीला टेकून राहिला तर झिजतो का? आमची विहीर चिऱ्यांनीच बांधलेली आहे, ती ठणठणीत आहे. की ही तुलनाच चुकतेय? आणि एवढ्या उंचीला भिंत डोंगराकडे थोडी कलती ठेवावी का? ज्यांनी कोकणातल्या पावसात असा बांध घातलाय त्यांनी कृपया सांगा. मे संपायच्या आत काम उरकायचंय.