गावच्या संमेलनात अंधश्रद्धेवर व्यंगचित्रांचं प्रदर्शन: काय काढावं, कसं लावावं?

वाचनालय_बेळगाव_तालुका

आमच्या गावच्या मराठी साहित्य संमेलनात यंदा ग्रंथदिंडी, कविसंमेलन, कथाकथन यांच्या जोडीला व्यंगचित्रांचं प्रदर्शन लावायचं ठरतंय. विषय आपल्याच भागातले आहेत: जट (देवीच्या नावानं न विंचरता वाढवलेला केसांचा गुंता), करणी-भानामती, देवऋषी, यात्रेतला रेड्याचा बळी, नागपंचमीला वारुळात दूध. चित्रं गावातलीच कॉलेजची मुलं-मुली काढणार.

गावच्या देवकार्याचं बघणाऱ्या देवस्की पंच कमिटीतल्या काही जणांचं म्हणणं पडलं की देवावर चित्र नको. गावात कन्नड शेजारीही बरेच आहेत, त्यांनाही कळायला हवं. कायदा कुठला लागतो, महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा? चित्रं किती, केवढी? गुळमुळीत काढायचं नाही, पण चित्रावरून भांडण लागून मूळ विषय बाजूला पडला तर सगळी मेहनत वाया जाईल. जाणकारांनी सांगावं.

बोरू_आणि_शाई

पंचांचं एवढं ऐका: देव काढू नका. चौकटीत देवी आली की बघणाऱ्याची नजर तिच्यावरच खिळते आणि बाजूला पैसे मोजणारा हात कुणालाच दिसत नाही. तुम्हाला तर तो हातच दाखवायचाय.

पेन्सिल उचलण्याआधी प्रत्येक चित्रासाठी एक वाक्य लिहून काढायला लावा: कोण, कुणाला, काय सांगून, काय घेतो. ते वाक्य जमत नसेल तर त्या मुलाला राग आलाय, पण विषय अजून सापडलेला नाही. असं चित्र हमखास फसतं.

जटेचं उदाहरण घ्या. केसांचा गुंता सुटला नाही, त्यात भंडारा, तेल, धूळ, घाम बसत गेला की तो घट्ट होतो. 'देवी आली' म्हणून फणी बंद होते, आणि फणी बंद झाली म्हणून जट वाढते. हे तीन चौकटींत बसतं. पहिलीत लहान मुलगी, केसात सुपारीएवढा गुंता, आईच्या हातात फणी. दुसरीत चौकटीबाहेरून एक हात येतो, बोटांत अंगठ्या, आणि फणी काढून घेतो. तिसरीत तीच मुलगी वयात आलेली, जट कमरेपर्यंत, ओझ्यानं मान एका बाजूला कललेली, आणि तोच हात तिच्या हातात परडी देतोय, म्हणजे देवीच्या नावानं जोगवा मागायची टोपली. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जाऊन आलेल्या माणसाला याखाली एक अक्षरही लागत नाही.

यात मुलीचा चेहरा साधा, सरळ काढायचा. नाक-डोळे वाकडे करायचे ते घेणाऱ्याचे. नवशिके चित्रकार इथंच घसरतात: भक्तालाच बावळट काढतात, दात पुढं, डोळे बटबटीत. प्रदर्शन बघायला येणारी निम्मी माणसं त्याच भक्तांच्या घरची असतात. ती पहिल्या चित्राशीच तोंड फिरवतात.

दुसरी घसरण खुणांची. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले की आपल्या भागात ते लिंगायतांवरचं चित्र होतं, आणि चित्रकार मराठी असला की लगेच भाषेचा वाद. गंध, टोपी, दाढी, शेंडी यांचंही तसंच. प्रथा त्या समाजाचीच असेल तरच ती खूण काढा, एरवी वस्तूंवर भर द्या: लिंबू, गंडा, दानपेटी, दरपत्रक, पावतीपुस्तक.

मजकूर चित्राच्या आतच, फुग्यात किंवा पाटीवर. चौकटीखाली लिहिला की मोबाइलवर फोटो काढताना तो कापला जातो, मग बिनमजकुराचं चित्र ग्रुपमधून फिरतं आणि कुणीही त्याला हवा तो अर्थ लावतो. मराठी आणि कन्नड दोन्ही ओळी ठेवा, प्रत्येकी दहा-बारा शब्दांच्या आत. कन्नड ओळ रोज कन्नडमध्ये लिहिणाऱ्याकडूनच घ्या. मोबाइलवरचं भाषांतर चिकटवलं की टोमणा मरतो, कधी भलताच अर्थ निघतो.

आकार ए-टू, म्हणजे साधारण ४२ गुणिले ५९ सेंटिमीटर. सहा फुटांवरून वाचायचं तर अक्षराची उंची किमान दीड सेंटिमीटर हवी. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर. शाळेची मुलं येणार असतील तर एक रांग वीसेक सेंटिमीटर खाली घ्या. वीस-बावीस चित्रं पुरेत. त्यापुढं लोक नुसते चालत जातात.

कोर्टाची_पायरी

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सीमेच्या अलीकडं लागू नाही. निपाणी-खानापूरकडच्या फलकांवर कोल्हापूरहून आणलेला मजकूर तसाच छापला की ही चूक होते. इथं कर्नाटकाचा २०१७ चा कायदा आहे, जानेवारी २०२० पासून अमलात. शिक्षा एक ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार रुपये. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं त्यात येतं, चमत्कार दाखवून पैसे उकळणंही येतं. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, जैनांचं केशलोचन (केस उपटण्याचा विधी), ज्योतिष आणि वास्तू हे मात्र त्यातून वगळलेलं आहे. त्यामुळं ज्योतिषावर चित्र जरूर काढा, पण त्यावर 'हा गुन्हा आहे' असं लिहू नका. देवदासी सोडण्यावर १९८२ चा आणि पशुबळीवर १९५९ चा स्वतंत्र कायदा आहे. रेड्याच्या चित्रापाशी तो लिहाच.

आता तुमच्यावर काय येऊ शकतं ते. धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं २९५-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९९ झालंय. तीन वर्षांपर्यंत कैद, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्यात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं' हे सिद्ध व्हावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये हे कलम वैध ठरवताना याच शब्दांवर बोट ठेवलं. २०१७ मध्ये एका क्रिकेटपटूला विष्णूच्या रूपात दाखवणाऱ्या मासिकाच्या मुखपृष्ठाचं प्रकरणही याच कारणानं रद्द झालं. पण निकाल वर्षांनी लागतो. न्यायालयानं दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, तरी एफआयआर आणि अटक त्याआधीच होऊ शकते. म्हणून हेतूचा पुरावा आधीच तयार ठेवा. वर सांगितलेलं ते एक वाक्य प्रत्येक चित्रामागं चिकटवा, वर तारीख आणि दोन संयोजकांच्या सह्या.

ग्रामपंचायतीची परवानगी लेखी घ्या. पोलीस ठाण्यात विषयांच्या यादीसह पत्र द्या आणि पोच घ्या. फ्लेक्सवर कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे, त्यामुळं कापड किंवा कागदच.

जुनी_मासिकं

बोरूंचं बरंचसं पटतं, पण एक मोठी उणीव राहते. चित्रं फक्त भोंदूवर काढली की जो तो म्हणतो, 'आमचे महाराज तसले नाहीत', आणि शांतपणे घरी जातो. बरा माणूस बऱ्या हेतूनं जे करतो त्यावरही चित्र हवं.

मार्गशीर्ष पौर्णिमेला देवी विधवा झाली असं मानून यल्लम्माच्या नावानं फुटणाऱ्या बांगड्या घ्या. ओटी भरताना विधवेला मागं उभं करणं घ्या. तिथं पैसे घेणारा हातच नाही, सगळं घरातलं प्रेमाचं माणूस करतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्यापासून ते किती लांब? या चित्रांपाशी त्या ठरावाची माहिती लावा, म्हणजे पुढं काय करता येतं तेही दिसेल.

देव न काढता किती धारदार जाता येतं याचं जुनं उदाहरण म्हणजे कोलकात्याच्या कालीघाटच्या चित्रांतलं मांजर: कपाळावर वैष्णव टिळा, तोंडात कोळंबी, म्हणजे ढोंगी साधू. गगनेंद्रनाथ टागोरांनी १९१७ च्या सुमारास पुरोहितांवर काढलेली शिळाछापाची चित्रं मुलांना जरूर दाखवा. आपल्याकडं शंकरराव किर्लोस्करांनी मासिक चालवता चालवता स्वतः व्यंगचित्रं काढून रूढींवर कोरडे ओढले, आणि त्या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली होती.

वारुळाच्या चित्राला बसवण्णांचं वचन घ्या: दगडाचा नाग दिसला की दूध घाल म्हणतात, खरा नाग दिसला की मार म्हणतात. बाराव्या शतकातलं, कन्नडमधलं, तुमच्या शेजाऱ्यांना पाठ असलेलं. मूळ कन्नड ओळ वर, मराठी खाली.

प्रयोगशाळा_सहायक

करणीच्या चित्राशेजारी एक टेबल ठेवा. सुरीच्या पात्यावर मिथिल ऑरेंजचं द्रावण लावून वाळवायचं आणि लिंबू कापायचं. आम्लामुळं रस लाल दिसतो, तेच 'रक्त'. नारळ आपोआप पेटवायचा प्रयोग मांडवात मुळीच नको. त्यात पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन असतं, जाळ कधी धरेल याचा नेम नाही. लिंबू मुलांना स्वतः कापू द्या, पण कापून झाल्यावर ते खाऊ देऊ नका.

वाचनालय_बेळगाव_तालुका

सगळ्यांचे आभार. विधवांच्या ओटीचा विषय आता यादीत पहिला. एक राहिलं: 'फक्त आमच्याच देवधर्मावर का?' असं कुणी विचारणारच.

बोरू_आणि_शाई

गावात जे घडतं तेवढंच काढा, कुणाचंही असो. ताईत बांधून घ्यायला हिंदू-मुसलमान दोन्हीकडची माणसं जातात, मग त्या चित्रात रांगेत दोन्हीकडची माणसं उभी करा. पण समतोल दाखवायला म्हणून परदेशातली चित्रं उचलून लावू नका. जानेवारी २०१५ मध्ये एका फ्रेंच साप्ताहिकाचं प्रेषितांचं चित्र असलेलं मुखपृष्ठ बातमीसोबत पुन्हा छापल्यावरून मुंबईतल्या एका उर्दू दैनिकाच्या संपादिकेला अटक झाली होती, आणि त्या चित्राचा आपल्या गावातल्या कुठल्याही प्रथेशी काही संबंध नाही.

मांडवात हरकतींची वही ठेवा. वहीपाशी एक मराठी आणि एक कन्नड बोलणारं माणूस बसवा, शक्यतो वयानं मोठं. चित्राखाली उभं राहून वाद घालायचा नाही, हरकत लिहून घ्यायची आणि मागचं वाक्य वाचून दाखवायचं. चित्र उतरवायचं की नाही हे संध्याकाळी तिघांनी बसून ठरवायचं, आणि ती तीन नावं आधीच पक्की करून ठेवा.