इझाकायात काय खाल्लंत? अनुभव लिहा

जपानला जाऊन आलेली मंडळी सुशी-रामेनबद्दल भरभरून बोलतात, इझाकायाबद्दल, म्हणजे दारूबरोबर खाणं देणाऱ्या तिथल्या साध्या दुकानांबद्दल, फार कमी. मला मात्र तिथलं खाणं कळलं ते इझाकायातच. ऑफिस सुटल्यावर चौघांनी बसायचं, छोट्या बश्या मागवत राहायच्या. बशी मध्ये ठेवायची आणि प्रत्येकाने आपल्या तोरिझारात, म्हणजे पुढ्यातल्या लहान ताटलीत, वाढून घ्यायचं. सगळं एकदम मागवायचं नाही. एक बशी संपत आली की पुढचीचा विचार. गप्पा लांबतात त्या यामुळेच. तुमचे अनुभव वाचायला आवडतील. शाकाहारींनी तर नक्की लिहा.

निशी-कासाई, टोकियो

मी शाकाहारी. अडचण मांसाची नाही, ते दिसतं तरी. अडचण दाशीची. कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचे कीस, आणि कोंबू हे समुद्री शेवाळ यांचं ते पाणी आगेदाशी तोफूच्या (तळलेल्या तोफूच्या) रश्शात असतं, ऑम्लेटच्या गुंडाळीत असतं, साध्या उकडलेल्या पालकावरही असतं. म्हणून मी कोरड्या पदार्थांवर भर देते. एदामामे तर हवेतच. कोवळ्या सोयाबीनच्या खारट शेंगा सोलताना आपल्याकडच्या उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची आठवण येते. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) लावलेली काकडी मागवते. थंड तोफू घेताना 'कात्सुओबुशी नुकी दे' म्हणते, म्हणजे वरचा कीस घालत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर सोरामामे मिळतात, शेंगेसकट भाजलेले वालासारखे मोठे दाणे, आणि शरद ऋतूत मिठात भाजलेल्या गिंको झाडाच्या बिया. या दोन बश्यांसाठी मी वर्षभर थांबते. वांग्याचं देंगाकू, म्हणजे गोडसर मिसो लावून भाजलेलं वांगं, आवडतं, पण त्याच्या मिसोत दाशी आहे का ते विचारूनच.

पुणे

बसल्याबसल्या न मागवलेली एक वाटी समोर आली. तिला टोकियोकडे ओतोशी म्हणतात, ओसाकाकडे त्सुकिदाशी. साधारण ३०० ते ५०० येन माणशी बिलात लागतात. जाणाऱ्यांनी ते बसण्याचे पैसे समजावेत. टिप द्यायची पद्धत नाही, त्यामुळे हिशेब जड जात नाही. माझ्या वाटीत हिजिकी होतं, गाजर आणि तळलेल्या तोफूबरोबर शिजवलेलं काळं समुद्री शेवाळ. पुढचं काहीही न मागवता तेच पुन्हा मागावंसं वाटलं.

ओसाका

शिनसेकाईत कुशिकात्सू खा! काडीला टोचून तळलेलं मांस, कांदा, कमळाचा कंद, अगदी लाल आलंसुद्धा. सॉसचं भांडं सगळ्यांचं एकच, म्हणून काडी एकदाच बुडवायची, चावल्यावर पुन्हा नाही. सॉस कमी पडला तर सोबतच्या कोबीच्या पानाने उचलून घ्यायचा. करोनानंतर बऱ्याच ठिकाणी सॉसची बाटलीच देतात.

योकोहामा

एकटीने जायला बिचकणाऱ्या मैत्रिणींसाठी लिहिते. काउंटरवर बसा. समोर कोळशावर याकितोरी (काडीला टोचलेली कोंबडी) भाजत असतात, ते बघताना वेळ छान जातो. दर काडीमागे 'शिओ की तारे' विचारतात, मीठ की गोडसर सोया सॉस. कोंबडीची कातडी मिठातली, त्सुकुने (खिम्याचे गोळे) तारेतले, असं माझं ठरलेलं आहे. मी दारू घेत नाही. ऊलाँग चहा मागवते आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. शेवटी ओचाझुके, भातावर गरम चहा किंवा दाशी ओतून. पोट शांत होतं.

पुन्हा मी (सुरुवातीचा प्रश्न माझाच)

मुलांना नेता येतं का, असं एकांनी विचारलंय. बऱ्याच साखळी दुकानांत येतं, संध्याकाळी लवकर जा. फक्त दारावरची पाटी बघा. एप्रिल २०२० पासून बंदिस्त जागेत धूम्रपानाला सर्वसाधारण बंदी असली तरी काही लहान जुन्या दुकानांना सूट आहे, आणि जिथे धूम्रपान चालतं तिथे २० वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत. मुलांना काराआगे (तळलेली कोंबडी) आणि भाजलेले ओनिगिरी (भाताचे गोळे) बहुतेक आवडतात. होक्काइदो किंवा क्युशूतल्या इझाकायांबद्दल कोणी लिहील का?