मदत हवी आहे: सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'असेन्शन' अल्बमपर्यंत पोचायचं कसं?

जॅझ ऐकणाऱ्यांनो, जरा वाट दाखवा. घरात कायम शास्त्रीय ऐकलेलं त्यामुळे माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) पहिल्याच दिवशी आवडला, 'सो व्हॉट'मध्ये तर सरळ काफीचे स्वर, १६ बार (चार-चार मात्रांचे) एका षड्जावर मग ८ बार अर्धा सूर वर आणि परत खाली, एवढाच मामला. कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम'ही पाठ झालाय. पण त्याचाच 'असेन्शन' लावला की अडकतो. ११ वादक, एकेकाचं सोलो आणि मधे सगळे एकदम तुटून पडतात, साधारण ४० मिनिटं. ठाणे-पनवेल लोकलमध्ये तीनदा लावला, ऐरोलीपर्यंत टिकतो, घणसोलीला हेडफोन काढतो (गाडीचा खडखडाट बरा वाटतो, काय सांगू). रविवारी घरी स्पीकरवर पण लावून झाला, आई म्हणाली भांडी पडली का.

एरिक डॉल्फीचा 'आउट टु लंच' ऐकलाय, तो चक्क आवडला, कारण कितीही वेडंवाकडं वाजलं तरी १८ वर्षांच्या टोनी विल्यम्सच्या ड्रम्सला धरून चालता येतं. 'असेन्शन'मध्ये धरायला काहीच सापडत नाही.

फ्यूजन नको, गाणारे नकोत, रेकॉर्ड प्लेअर नाही, स्ट्रीमिंगवरच ऐकतो. 'सवय होईल, ऐकत राहा' हे ऐकून झालंय. 'आउट टु लंच' आणि 'असेन्शन' या दोन्हींच्या मधला नेमका कुठला अल्बम आधी ऐकू, आणि 'असेन्शन' ऐकताना तुम्ही कान कोणावर ठेवता, बासवर, ड्रम्सवर की पियानोवर?