घरचा सर्व्हर : गोव्याच्या पावसात हा खटाटोप करावा का?

कौलारू_फोंडा
मंडळी, घरात भांडण पेटलंय ते इथे आणतोय. 1 जून 2021 ला गुगल फोटोजचं अमर्याद फुकट प्रकरण संपलं तेव्हापासून डोक्यात किडा होता, शेवटी दोन वर्षांपूर्वी एका ऑफिसातून निघालेला जुना टॉवर घेतला, आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, 16 जीबी रॅम, त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक सर्व्हर चालवायची सिस्टिम), 4 टीबीच्या दोन डिस्का मिरर करून, म्हणजे दोन्हींवर तेच. इमिच ह्या फोटोंच्या अॅपवर घरच्यांचे फोटो, जेलीफिन ह्या व्हिडिओंच्या अॅपवर आमच्या देवळातल्या नाटकांची बाबांनी केलेली शूटिंगं, आणि बाजूला रास्पबेरी पाय ह्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर पाय-होल, म्हणजे घरभर जाहिराती अडवणारा प्रोग्राम. प्लगला मीटर लावून बघितलं, सगळं मिळून 28 वॉट, म्हणजे महिन्याला 20 युनिटं, बिलात कळतही नाही.
गेल्या जूनमध्ये मागच्या कुळागरात (बागायतीत) माडावर वीज पडली. घरावर नाही हां, माडावर! तरी नेटच्या केबली जोडायच्या स्विचचे पाच पोर्ट गेले, राउटरचा केबलचा (लॅन) पोर्ट गेला, टॉवरचा मदरबोर्ड गेला. डिस्का वाचल्या, देवाची कृपा. बायको म्हणते आता पुरे, सगळं क्लाउडवर टाक. माझं म्हणणं, आपले फोटो आपल्या घरात असावेत, एकदा जळलं म्हणून चूल बंद करतात का कोणी? बोला.

मडगावची_सून
वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्या बरोबर आहेत. माझा नवरा बोटीवर असतो, सहा महिने घरी सहा महिने बाहेर. घरी असला की हेच, रॅक काय, नेटवर्कचे वेगळे कप्पे (व्हीलॅन) काय, सगळ्या घराचं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधायचं काम, त्या पाय-होलवरून वळवून ठेवलेलं. आणि हा गेला की तो पाय मरतो. नेमका जुलैत, लाइट चार वेळा गेली आली, त्यातलं मेमरी कार्ड खराब झालं. व्हॉट्सअॅप नाही, मुलीचा क्लास नाही, सासऱ्यांना बातम्या नाहीत, मी नेटवाल्याला शिव्या घालतेय आणि तो बिचारा सांगतोय की मॅडम लाइन चालू आहे. तीन दिवस! नवऱ्याला बोटीवर रेंज मिळाली तेव्हा म्हणतो, सोप्पं आहे, एसएसएच करून बघ, म्हणजे लॅपटॉपवरून त्या पायमध्ये शिरून कमांड टाइप कर. मी स्वयंपाकघरात कणकेच्या हाताने एसएसएच करू?
हौस तुमची, गैरसोय आमची. क्लाउड बंद पडला तर तो चालू करायला तिकडे पगारी माणसं आहेत.

अर्थिंगवाले_काका
बाळा, तू सर्व्हरची सगळी जन्मपत्रिका मांडलीस पण केबल कुठून कुठे गेलीय ते लिहिलंच नाहीस.

कौलारू_फोंडा
काका, घरातून मागच्या मांगरात (बागेतल्या खोपीत), 35 मीटर. सर्व्हर मांगरात आहे कारण घरात पंख्याचा आवाज चालत नाही. कॅट-सिक्स (तांब्याची नेटवर्क केबल), फणसाला तार बांधून त्यावरून नेलीय.

अर्थिंगवाले_काका
वाटलंच मला. मग वीज माडावर पडली काय नि शेजारी पडली काय, 35 मीटर तांबं उघड्यावर टांगलंस म्हणजे अँटेनाच झाली ती, जवळ वीज पडली की त्यात झटका चढणारच, आणि घराचं अर्थिंग वेगळं, मांगराचं वेगळं (मांगराला आहे का मुळात?), म्हणजे दोन अर्थिंगमधला व्होल्टेजचा फरक तुझ्या पोर्टांतूनच वाट काढणार. ह्याला सर्व्हरचा दोष म्हणत नाहीत. दोन इमारतींच्या मध्ये फायबर टाक, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (केबल आणि फायबर जोडणारा डबा), काचेतून करंट जात नाही, विषय संपला. त्या दोन डब्यांना खर्च फार नाही, तुझ्या एका डिस्कपेक्षा कमी.
दुसरं, आपली माती जांभ्याची. पावसात ठीक असते पण मेमध्ये दगड होतो तिचा, अर्थिंगचा खड्डा (पिट) कोरडा पडतो आणि पहिल्या वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. कोळसा मीठ घातलेला पिट असेल तर उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा. वायरमनला बोलव आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजून घे, एक-दोन व्होल्टच्या वर दाखवलं तर आधी ते बघ, मग इमिच बिमिच.
आणि हो, पॉवर सप्लायच्या जाळीवर नजर ठेव. मागच्या वर्षी एकाचा उघडला तर आत पालीची तीन अंडी, ऊब मिळते ना.

दोन_दमड्या
काकांचं अर्थिंग मान्य, पण मूळ मुद्दा वेगळा आहे. 'आपले फोटो आपल्या घरात' ऐकायला गोड आहे. मिररला तुम्ही बॅकअप समजताय हे लिहिण्यावरूनच कळतं. मिररमध्ये तुम्ही चुकून फोल्डर उडवलात तर तो दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी उडतो, आणि दोन्ही डिस्का एकाच डब्यात एकाच सप्लायवर, त्या विजेत मदरबोर्ड गेला तशा त्याही जाऊ शकल्या असत्या. ह्याला नशीब म्हणतात, सेटअप नाही. तिसरी कॉपी घराबाहेर हवीच, आणि ती शेवटी क्लाउडवरच ठेवणार ना? मग मधला द्राविडी प्राणायाम कशाला? त्यात तुमच्या कनेक्शनला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा स्वतःचा पत्ता, तरी आहे का? राउटरमध्ये वॅन (बाहेरचा) आयपी 100.64 ते 100.127 मधला दिसत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांत एकच पत्ता वाटलेला, बाहेरून घरी यायला पोर्ट फॉरवर्डिंग करत बसा जन्मभर.

कौलारू_फोंडा
सीजीनॅटच आहे, म्हणून टेलस्केल वापरतो, बाहेरून घरच्या सर्व्हरला जोडणारं खाजगी नेटवर्क (व्हीपीएन), ते आतून वायरगार्ड हे व्हीपीएनच आहे, कुठलाही पोर्ट उघडावा लागत नाही. गंमत म्हणजे तेही 100.64 वालेच आयपी देतं, पहिल्यांदा बघून मी दोन तास भलत्याच गोष्टीवर डोकं फोडलेलं.
बॅकअपचं मात्र लागलं मनाला. मिररवर विसंबलो होतो हे खरं. पण तिसरी कॉपी क्लाउडवरच का? डिचोलीला मामाकडे एक जुना पाय आणि डिस्क ठेवतो, रात्री रेस्टिक ह्या बॅकअपच्या प्रोग्रामने एनक्रिप्ट होऊन (कुलूपबंद होऊन) तिकडे जाईल. मामाला फक्त प्लग काढू नको एवढंच सांगायचं.

दोन_दमड्या
चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात तिच्या लाइटिंगसाठी तोच प्लग काढणार, लिहून घ्या.

मडगावची_सून
सगळे पुरुष फायबर, रेस्टिक, डिचोली करताय. मी विचारलं ते तसंच राहिलं. कौलारू, तुम्ही उद्या आठ दिवस घरी नसलात तर नेट कोण चालू करणार?

अर्थिंगवाले_काका
सुनेचं बरोबर आहे. पाय-होल घरभर लावायचाच कशाला? राउटरला कंपनीचं डीएनएस ठेवावं आणि ज्याला जाहिराती टोचतात त्याने आपल्या फोन-लॅपटॉपात तेवढं पाय-होल टाकावं. आणि राउटरात पर्याय म्हणून दुसरं डीएनएस घालून ठेवण्याची युक्ती करू नको, उपकरणं दोन्हीकडे मनाला येईल तशी विचारतात, निम्म्या जाहिराती येतच राहतात. त्या पायला मेमरी कार्डाऐवजी एसएसडी लाव, आणि यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोड म्हणजे बॅटरी संपत आली की तो आपणहून बंद होईल. यूपीएसची ती 7 एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते, तारीख मार्करने तिच्यावरच लिही.

कौलारू_फोंडा
रविवारी घरचं डीएनएस मोकळं केलं. फायबर मागवलंय, फणसावरची केबल काढून टाकली (बायको: आता तिथे कपडे वाळत घालता येतील). मग मडगावच्या वहिनींचं मनावर घेऊन बायकोसाठी एक कागद लिहायला बसलो, नेट गेलं तर काय करायचं. दोन पानं झाली. तिने पहिली ओळ वाचून विचारलं, 'हा ओएनटी म्हणजे कुठला डबा?' मी म्हटलं बाहेरून फायबर येतं तो, पांढरा. ओएनटी आणि राउटर, दोन्ही डबे पांढरे आहेत.

मडगावची_सून
एकाला कुंकवाचं बोट लावा.

दोन_दमड्या
मामाच्या प्लगलाही लावा.