मदत हवी आहे: पाकिटावरच्या ओळीचा ट्रेडमार्क मिळतो का?

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा लोणची-मसाल्यांचा घरगुती व्यवसाय आहे. 2019 पासून प्रत्येक पाकिटावर नावाखाली 'दोन घास जास्तच!' अशी ओळ छापतो. गिऱ्हाईक नाव विसरतं, पण "ते दोन घासवालं लोणचं पाठवा" असं फोनवर हमखास सांगतं. यंदा दिवाळीच्या प्रदर्शनात दोन स्टॉल सोडून एकाच्या पाकिटावर हीच ओळ, उद्गारचिन्हासकट! विचारलं तर म्हणे, "ओळ काय तुमच्या मालकीची आहे?"

कॉपीराइट करावा की ट्रेडमार्क? एजंट म्हणतो, अर्जात 'प्रपोज्ड टू बी यूज्ड' (म्हणजे अजून वापरलेली नाही, पुढे वापरणार) असं टाकू, जुने कागद जोडायची भानगड नको. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
कॉपीराइटचा नाद सोडा, एवढ्याशा ओळीला तो मिळत नाही. 'ये दिल माँगे मोअर'वरून पेप्सी-कोकाकोलाचं भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा 2003 मध्ये कोर्टाने घोषवाक्याबाबत असंच म्हटलं होतं. तुमचा रस्ता ट्रेडमार्कचा.

आणि एजंटचं अजिबात ऐकू नका. तुमची ओळ मालाची तारीफ करणारी आहे, म्हणजे ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 चा आक्षेप (ओळ फक्त मालाचं वर्णन करते, कुणाचा माल ते ओळखू येत नाही) येणार हे धरून चला. त्यावर उत्तर एकच: अर्जाच्या आधीपासूनच लोक ही ओळ आमच्या मालाची म्हणून ओळखतात. 'पुढे वापरणार' असं लिहून दिलंत तर हे कोणत्या तोंडाने सांगाल? वापराचा तपशील नंतर दुरुस्तही करू देत नाहीत. 2019 ची तारीख टाका, प्रतिज्ञापत्र करा आणि जुनी बिलं, पाकिटं, छापखान्याची पावती, जाहिराती जोडा.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. खर्चाचं सांगतो. ट्रेडमार्कसाठी मालाचे क्लास म्हणजे वर्ग ठरलेले असतात; लोणची क्लास 29 मध्ये, मसाले 30 मध्ये. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन फी क्लासमागे 4,500, म्हणजे 9,000 रुपये, एजंटचे वेगळे. ब्रँडचं नाव नोंदवलंय का? नसेल तर आधी ते करा, ओळ दुसरी. ट्रेडमार्क कार्यालयाचा तपासणी अहवाल आला की महिन्याभरात उत्तर द्यायचं. त्यांच्या जर्नलमध्ये (अर्ज जाहीर करणारं सरकारी पत्रक) छापल्यावर चार महिने कुणालाही विरोध करता येतो. तोवर ओळीपुढे टीएम (™, ट्रेडमार्क असल्याचा दावा) लिहा. वर्तुळातला आर (®, नोंदणी झाल्याची खूण) नोंदणीआधी छापणं बेकायदेशीर आहे.

धागाकर्ती
खूप आभार! नाव नोंदवलेलं नाही. आणखी एक घोळ: सगळी बिलं आणि अन्न परवाना सासूबाईंच्या नावावर आहे. अर्ज मी माझ्या नावाने केला तर चालेल?

प्रतिसाद १
नको. 2019 पासून विकणाऱ्या कागदोपत्री त्याच, तेव्हा अर्जदारही त्याच. नोंदणी झाली की नंतर रीतसर करार करून ती तुमच्या नावावर करता येते. त्या प्रदर्शनवाल्याच्या पाकिटाचा फोटो आणि स्टॉलची पावती मात्र आजच जपून ठेवा.