टाटा १६१३ चं मोठं आरसी मॉडेल शून्यापासून करायचंय, स्केल आणि मोटर काय घेऊ?

सातारकर_डिझेल
नमस्कार मंडळी. टाटा १६१३ चा आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारा ट्रक करायचाय, सहा टायर, लाकडी हौदा, मागं फाळका उघडणारा, सगळं. किट नकोय कारण १:१४ मध्ये जी मिळतात ती बहुतेक स्कॅनिया, व्होल्वो, मर्सिडीज अशी असतात, आपल्या रस्त्यावरचा ट्रक त्यात नाही आणि मला हौद्यात खरंच वजन टाकून चढ चढवायचाय. म्हणून १:८ करावं म्हणतोय. चेसीला २ एमएमचा पत्रा बेंड करून घेणार होतो. वायपर मोटर आहे घरात, ती चालेल का? पाटे (लीफ स्प्रिंग) कशाचे करतात? बजेट बेताचं आहे.

टर्नर_भोसरी
भाऊ, पत्रा कापायच्या आधी थांबा आणि पहिल्यांदा टायर शोधा. स्केल टायरवरून ठरवायचं, उलटं करायला गेलात तर चेसी तयार आणि त्या मापाचं टायर बाजारात नाही असं होतं. १०.००-२० टायरचा व्यास साधारण १०५० एमएम असतो. हार्डवेअरच्या दुकानात ट्रॉलीचं ५ इंची रबरी चाक मिळतं, ते १२५ एमएम. १०५० भागिले १२५ म्हणजे ८.४. झालं, तुमचं स्केल १:८.४. आकडा गोल नाही म्हणून काही बिघडत नाही, फक्त मग प्रत्येक माप ८.४ नेच भागा. ४२ व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ४२२५ एमएम अंतर असलेली गाडी धरली तर त्याचे ५०३ एमएम होतात.
चाकातलं बेअरिंग काढून तिथं बुश टर्न करून घ्या म्हणजे ॲक्सलला पक्कं बसवता येतं, आणि मागच्या जोडचाकांना मध्ये स्पेसर. रबर गुळगुळीत असतं, नक्षी कापून घ्यावी लागते. कुणाकडं थ्रीडी प्रिंटर असेल तर टीपीयू या लवचिक प्लॅस्टिकमध्ये हव्या त्या मापाचं टायर छापता येतं, मग १:८ सुद्धा बसेल. आणि पत्रा २ एमएम कशाला, १८ गेज (साधारण १.२ एमएम) घ्या, सी चॅनेलमध्ये बेंड केल्यावर भरपूर ताकद येते.

गिअर_आणि_ग्रीस
वायपर मोटर नको. दोन कारणं. एक, ती मिनिटाला ५०-६० फेरेच फिरते, १२५ च्या चाकावर ताशी दीड किलोमीटरसुद्धा होत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं, तिच्यात वर्म गिअर असतो, चाकाकडून मोटर फिरत नाही, त्यामुळं थ्रॉटल सोडला की ट्रक जागच्या जागी गच्चकन थांबतो. भरलेली गाडी अशी थांबत नाही, ती घरंगळत येते, आणि ते दिसलं नाही तर मॉडेल कितीही सुंदर असो मजा नाही.
मी म्हणेन बंद पडलेलं कॉर्डलेस ड्रिल घ्या, दोन स्पीडवालं. बॅटरी गेलेली बरीच स्वस्तात मिळतात. आतला प्लॅनेटरी गिअरबॉक्स मोटरसकट वापरायचा, क्लच कायमचा लॉक करायचा, आणि ज्या ड्रिलमध्ये चक उलटं फिरू न देणाऱ्या पिना असतात त्यातल्या त्या काढून टाकायच्या, नाहीतर पुन्हा वायपर मोटरचीच गत. ड्रिल साधारण लो ला ४०० आणि हाय ला १३०० आरपीएम देतं. मागं १:८ बग्गीचं डिफरन्शियल लावलंत, त्याचं रिडक्शन साधारण ३.३ असतं, तर लो मध्ये ताशी पावणेतीन आणि हाय मध्ये सव्वानऊ किलोमीटर मिळतात. स्केलने गुणलं तर २४ आणि ७८, खऱ्या गाडीच्या अगदी जवळ. गिअरच्या लिव्हरला एक छोटा सर्व्हो लावा, चालता चालता गिअर बदलेल.
हिशोब सांगतो, २० किलोचा ट्रक दहास एक चढावर न्यायचा तर चाकाशी साधारण १६ किलो-सेंमी टॉर्क लागतो. ड्रिलला हे काहीच नाही.

सातारकर_डिझेल
वा, हे डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद दादा. डिफरन्शियल न लावता सरळ दांडा टाकला तर? आणि पाट्यांचं कुणीतरी सांगा.

गिअर_आणि_ग्रीस
सरळ दांड्यावर वळताना मागची चाकं घासतात आणि ट्रक सरळच जायला बघतो, वजन टाकल्यावर तर जास्तच. डिफरन्शियलमध्ये काटकसर नको.

पाटेवाले
पाट्यांबद्दल मी लिहितो कारण इथंच बहुतेक मॉडेलं फसतात, पाटे इतके कडक करतात की ट्रक फळीसारखा उडत जातो. आधी वजन ठरवा. १६.२ टनाला ८.४ च्या घनाने भागलं की साधारण २७ किलो येतात, म्हणजे पूर्ण लोड २७ किलोचा. खऱ्या गाडीत पुढच्या ॲक्सलवर ६ टन आणि मागं १०.२, त्याच प्रमाणात मागच्या एकेका बाजूला साडेआठ किलो येतात. तेवढं वजन टांगून पाटा किती दबतो ते टेबलावरच बघा.
साहित्य म्हणून हॅकसॉ ब्लेड, पण फ्लेक्सिबल लिहिलेलं, दुसरं वाकवताना तुटतं. दात ग्राइंडरवर काढताना सारखं पाण्यात बुडवत राहा, जास्त तापलं की स्प्रिंग गेली. टोकाला डोळा वळवायचा तेवढाच भाग लाल करून सावकाश गार होऊ द्या. आणि सगळे पाटे स्टीलचे नका करू, दोन-तीन स्टीलचे आणि बाकीचे प्लॅस्टिकचे काळे रंगवून, दिसायला पूर्ण गड्डा दिसतो पण लवचिक राहतो.

वायरिंग_करणारा
विजेचं कुणी बोललं नाही म्हणून. स्टिअरिंगला २० किलो-सेंमी टॉर्कचा मेटल गिअर सर्व्हो लागेल, त्याला वेगळा ६ व्होल्टचा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारं सर्किट) द्या, रिसीव्हरवरून दिलात तर वळताना व्होल्टेज पडून कंट्रोल जाऊ शकतो. बॅटरी यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच चालेल, दोन किलोच्या वर वजन आहे पण चेसीत खाली बसवली तर ते वजन उपयोगीच पडतं. प्लसच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज.
आणि फेलसेफ (सिग्नल गेला की थ्रॉटल आपोआप बंद होणं) सेट केल्याशिवाय जमिनीवर ठेवू नका ही विनंती. चाकं अधांतरी ठेवून थ्रॉटल द्या आणि रिमोट बंद करा, चाकं थांबलीच पाहिजेत. २० किलोचा ट्रक लहान पोराच्या पायावर गेला तर हाड मोडेल.

सातारकर_डिझेल
नक्की करतो. रविवारी ट्रान्सपोर्टवाल्यांकडं जाऊन टेपने मापं घेतो. काय काय घेऊ?

टर्नर_भोसरी
व्हीलबेस, चेसीची रुंदी आणि उंची, पाट्यांची लांबी, मागच्या जोडचाकांमधली फट, केबिनच्या काचेचा उतार. फोटो समोरून आणि बाजूने लांब उभं राहून काढा, जवळून काढले की मापं वाकडी येतात. ड्रायव्हरला विचारून खाली वाकून डिफरन्शियलचेही काढा. आणि सगळ्यात आधी टायरवर काय लिहिलंय ते वाचा, ९.००-२० निघालं तर व्यास १०१८ च्या आसपास असतो, मग त्याच ५ इंची चाकावर तुमचं स्केल ८.१ होईल.