नेट नसलेला जुना कॉम्प्युटर: वापरत राहावा की मोडीत काढावा?

छापखानेवाला
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांच्या स्मरणिका, आमचं सगळं काम अजून विंडोज एक्सपीवर चालतं. पानं मांडायला पेजमेकर ७, मराठी टायपिंगला श्रीलिपी आणि मागच्या पॅरलल पोर्टला लावलेलं डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर उघडणारी किल्ली. नेटची वायर काढून टाकली आहे. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचे अपडेट थांबवले, पण मशीन थांबलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची पाळी आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, म्हणून लोक धडधाकट मशीनं भंगारात देताहेत. जीव तुटतो बघून. ज्याला नुसतं टायपिंग, हिशेब, छपाई करायची आहे त्याने नेट काढावं आणि खुशाल वापरावं.

सायली_पुणे
अजिबात पटलं नाही. गिऱ्हाईक मजकूर पेनड्राइव्हवरच आणतं ना? इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातली यंत्रणाही नेटपासून तोडलेली होती, तरी स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम आत शिरलाच. २०१० मध्ये तो उघडकीला आला आणि पेनड्राइव्हवरून पसरतो हे जगाला कळलं. तुमच्या एक्सपीला तर आता कोणी वालीच नाही.

छापखानेवाला
अणुकेंद्र आणि पावतीपुस्तक एका मापाने मोजू नका. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी लिनक्सच्या मशीनला लागतो, तिथून फक्त मजकूर आणि फोटो पुढे जातात. एक्सपीवर ऑटोरन, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप सुरू होणं, बंद आहे.

हार्डवेअर_दादा
व्हायरसचं राहू द्या. अशा मशीनचा जीव जातो तो हार्ड डिस्कमुळे आणि मदरबोर्डवरच्या फुगलेल्या कपॅसिटरमुळे. चालू केल्यावर तारीख मागे गेलेली दिसली तर सीआर२०३२ सेल बदला, ते किरकोळ काम. पण जुन्या पद्धतीची आयडीई हार्ड डिस्क कटकट वाजायला लागली तर त्याच दिवशी तिचं क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करून घ्या. आणि ते डोंगल जिवापाड जपा, ते गेलं तर सॉफ्टवेअर उघडणारच नाही.

सायली_पुणे
माझा खरा राग याच अडकण्यावर आहे. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, नाही. फॉन्ट नसलेल्या मशीनवर मराठीच्या जागी अगम्य रोमन अक्षरं दिसतात. पेजमेकरच्या फाइली त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये सीएस६ आवृत्तीपर्यंत उघडत होत्या, पुढच्या सीसी आवृत्तीत तीही सोय गेली. गावाच्या स्मरणिका, जुने लेख त्या एका डब्यात कोंडून ठेवायचे?

छापखानेवाला
पीडीएफ काढून ठेवतो की.

सायली_पुणे
पीडीएफमध्येही अक्षरं त्याच फॉन्टची. छापून येईल, पण त्यात गावाचं नाव शोधलंत तर सापडणार नाही. मशीन ठेवा हवं तर, पण मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये घ्या, नाहीतर तुमच्यानंतर त्यात काही शोधणं, बदलणं कोणालाच जमणार नाही.